सांगलीची दोन पानं

गुरुवारी दुपारी माझ्या मित्राचा सांगलीतला खोलीचा सोबती, नेसरी गावचा मुलगा, एस.टी.नं आला. माझा मित्र सकाळी मिरजेच्या दवाखान्यात वारला, असं त्यानं आमच्या दारात उभं राहून सांगितलं.

मित्राचं घर आमच्यापासून चार घरांवर. तिथं एकट्यानं जायला त्याचे पाय उचलेनात, म्हणून तो आधी माझ्याकडे आला. माझा पत्ता त्याला पाठ होता. मित्र मला पत्रं लिहायचा आणि ती पेटीत टाकायला याच्याकडे द्यायचा, हे मला तेव्हा कळलं. बातमी ऐकत असतानाही ते मला टोचलं.

आम्ही दोघे पहिलीपासून एका बाकावर बसलो. इंटरनंतर तो इंजिनियरिंगसाठी सांगलीला गेला, मी कोल्हापुरातच बी.ए.ला राहिलो. सांगली तेव्हा लहान गाव होतं. संध्याकाळी रस्त्यात भेटतील ती निम्मी माणसं कॉलेजातली, असं तो सांगायचा. खोलीत त्याच्याबरोबर नेसरीचा हा मुलगा होता. घरची शेती, आवाज मोठा, हात मोठे. पहिल्या टर्मच्या शेवटी गावी जाताना तो कोल्हापुरात उतरला, तेव्हा मित्रानं त्याला आमच्या नेहमीच्या हॉटेलात आणलं. त्या कोपऱ्यातल्या टेबलाशी तोवर आम्ही दोघेच बसत होतो.

"या की पावणं, बसा," असं तो मला म्हणाला.

कोल्हापुरात कुणीही कुणाला पावणं म्हणतं. पण माझ्या गावात, माझ्या टेबलाशी, माझ्याच मित्राशेजारी बसून त्यानं मला तसं म्हणावं, हे मला सहन झालं नाही. मी मिसळ अर्धी टाकली. ती त्यानं ओढून घेतली आणि संपवली.

त्याच दिवाळीच्या सुट्टीत आमच्या माडीवर सांगलीचा बेत ठरला. मी एका रविवारी तिकडे जायचं आणि दिवसभर नुसतं खायचं. मी वही घेतली, मित्र भिंतीला टेकून सांगू लागला.

"पहिलं, काठची वांगी. कृष्णेच्या काठची. त्यांचं भरीत आणि जोंधळ्याची भाकरी."

मी लिहिलं.

"आपण इथं खातो ती वांगीच नव्हेत. तो तर कच्चंच खातो, मीठ लावून."

"कोण तो?"

"तोच रे, माझा पार्टनर."

"कच्चं वांगं खातो? गुरं खातात तसं?"

"खाऊन बघ, मग बोल. पुढं लिही. भडंग. कुठल्या दुकानातलं घ्यायचं ते त्याला बरोबर कळतं."

मी फक्त भडंग लिहिलं. मग ओल्या हरभऱ्याची उसळ आली, ती पार्टनरनं दाखवलेल्या गाडीवरची. खानावळीतली रविवारची फीस्ट आली, तिथं जिलब्या खाण्यात तो पहिला. कवठाची बर्फी आली, ती एकदा त्यानं दत्ताच्या वाडीहून आणली होती. परतताना वाडीलाच उतरून बासुंदी खायची, तिथलं दुकानही त्याला ठाऊक. सातवा नंबर नदीवर बसून खायच्या शेंगांचा. नदीवर कुणाबरोबर बसतोस, हे मी विचारलं नाही.

"तुझं अक्षर छापल्यासारखं आहे," वही बघून मित्र म्हणाला. "पण दुकानांची नावं कुठं आहेत?"

"तू बरोबर असशीलच ना. की तोही असणार?"

"खोली त्याचीही आहे. त्याला काय कपाटात कोंडून ठेवू?"

तो हसला. मीही हसलो. बेतात तिसरा माणूस आला होता, आणि आता तो बेत मला त्या दोघांचा वाटू लागला. पुढचे पंधरा दिवस मी वही उघडून यादी वाचायचो. भूक लागायची आणि रागही यायचा.

मार्गशीर्ष लागता लागता मित्राचं पत्र आलं. वांगी निघाली होती. पत्राच्या शेवटी होतं, 'येत्या रविवारी ये. खानावळीत दोन पानं सांगून ठेवली आहेत. आम्ही वाट बघतो.'

हे वाक्य मी कितीदा वाचलं असेल. आमच्या घरी जेवायच्या वेळी आई विचारायची, किती पानं मांडायची? जेवणारी जितकी माणसं, तितकी पानं, एवढंच मला माहीत. म्हणजे दोन पानं ही त्या दोघांची. आणि मी? मी बहुधा त्यांच्या ताटांकडे बघत बसायचं, नाहीतर आयत्या वेळी कडेला तिसरं पान वाढून घ्यायचं. वर 'आम्ही'. पूर्वी मित्राच्या तोंडी आम्ही म्हणजे तो आणि मी असायचो.

एक कार्ड आणून मी लिहिलं, 'परीक्षा जवळ आली आहे. येणं जमणार नाही.' परीक्षा फाल्गुनात होती, आणि हे त्यालाही माहीत होतं.

त्याचं उत्तर एका ओळीचं आलं. 'बरं. वांगी अजून महिनाभर आहेत.'

त्याला मी उत्तर दिलं नाही. त्यानं पुन्हा बोलवावं, आणि फक्त त्यानं बोलवावं, म्हणून थांबलो. मग त्याला विषमज्वर झाला आणि महिना संपायच्या आत तो गुरुवार आला.

तेराव्या दिवशी मित्राच्या घरी नेसरीचा मुलगा पुन्हा आला. मित्राच्या आईनं त्याला आपण होऊन माझ्या शेजारी बसवलं. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत तोच उशाशी होता, त्यामुळे त्या घरात आता त्याचा मान होता. पानं मांडली जात होती. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "त्या ऐतवारी तुम्ही आला न्हाईसा."

"अभ्यास होता."

"खानावळीच्या बाईनं सांजच्याला चूल पेटवलती की. ऐतवारी सांजची खानावळ बंद असती. पर ह्यानं तिच्या लई मिनत्या केल्या. पावणा कोल्हापूरचा हाय, त्याला भरीत खायाचं हाय, म्हणाला. वांगी मी आणलीती, मळ्यातनं."

"पण पानं तर दोनच सांगितली होती."

"व्हय, दोन. सकाळचं फीस्टचं एक, सांजचं भरताचं एक."

"ती तुम्हा दोघांची ना?"

आता त्यानं माझ्याकडे बघितलं. "आमची कशाला सांगायची? आम्ही म्हैन्याचं. म्हैन्याच्या माणसाचं पान सांगत न्हाईत, ते असतंयच. पावण्याचं सांगत्यात. दोन्ही तुमचीच हुती."

वाढपी भात घेऊन आला. मी हात आडवा धरला, तरी त्यानं वाढला.

"मग त्या पानांचं काय झालं?"

"मी खाल्लं. बाई म्हणाली, सांगिटल्यालं पान वाया जाऊ द्यायचं न्हाई. दोन्ही वक्ताला बसलो."

"आणि तो?"

"त्यो माझ्यासमोर बसलाता. तुमच्या यादीतलं एकेक सांगत." मग भात कालवत, "भरीत झ्याक झाल्तं," म्हणाला.

त्या क्षणी मला मित्राचं दुःख व्हायला हवं होतं. ते झालं, पण नंतर, घरी आल्यावर. पानावर बसलो असताना एकच गोष्ट डोक्यात होती. माझ्या नावानं सांगितलेलं पान हा दोन्ही वेळा जेवला, माझ्या जागी बसून, त्याच्यासमोर. त्यात त्याचा काही अपराध नव्हता. बोलावणं आलं होतं ते मला. मी ते वाचलं, आणि मला कळलं नाही.

जेवण झाल्यावर निघताना तो म्हणाला, "पावणं, एकदा या सांगलीला. पान सांगतो."

मी हो म्हणालो आणि गेलो नाही. पुढे कामासाठी मिरजेला गाडी बदलली, पण सांगलीला उतरलो नाही.

ती वही माझ्याकडे आहे. यादीत सात पदार्थ आहेत. सातही नेसरीच्या मुलानं त्याच्याबरोबर खाल्ले. मी एकही खाल्लेला नाही.