काकांची न सापडणारी गाठ

"आधी मशीन बंद कर, मंग हात घाल." अंजूर गावचे काका कुठल्याही भांडणावर हाच तोडगा सांगायचे. त्यांचा जन्म भिवंडीत लूमवर गेला. तुटलेल्या धाग्याला अशी गाठ मारायचे की कापडावरून हात फिरवा, सापडणार नाही. आमच्या संघटनेच्या पत्रकांचे गठ्ठेही तेच बांधायचे. वर टोमणा: "वाचतंय कोन? बांधलेलीच बरी दिसतान."

सत्तरीत त्यांचा हात कापू लागला, पाय अडखळू लागले. मग बोलणं बंद, जेवण बंद. असा भिंतीकडे तोंड करून पडलेला म्हातारा तुम्हीही पाहिला असेल. आपण त्याला आजारी म्हणत नाही. "वय झालं" म्हणतो आणि मोकळे होतो!

गोळ्यांनी फरक पडेना. ठाण्याच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, भूल देऊन विजेचे झटके देऊ; उदासी हटेल, कंपही काही काळ कमी होईल. मी भडकले. 'झटके बंद करा!' हे पत्रक माझंच होतं. भूल न देता, माणसं बांधून दिलेल्या झटक्यांबद्दल ऐकून लिहिलेलं. मी तावातावाने बोलत असताना काका महिन्याभराने तोंड उघडून म्हणाले, "मशीन बंद करून परत चालूच करतान ना? करू दे."

चार झटके झाले. सकाळी काय खाल्लं ते विसरायचे, पण खायचे. कंप उतरला. मी जुनी पत्रकं मागे घ्यायला लागले, तेव्हा त्यांचा गठ्ठा काकांनीच बांधला. "बघ पोरी, सापडतेय का गाठ?"

नाक्यावरच्या चहाच्या टपरीवरची तेवढी राहिली. म्हटलं, उद्या आणू.

पाचव्या झटक्याच्या सकाळी काकांचा मुलगा दारात उभा. हातात तेच पत्रक. "ताई, तुमीच लिवलंय ना? आता बाबांना न्हाय नेनार." मी समजावलं, ओरडले, हात जोडले.

आतून काका म्हणाले, "मना जायाचाय."

"तुमाला काय कलतंय, बाबा? गप ऱ्हा."

काही दिवसांत काकांचा हात पुन्हा कापू लागला. मग तोंड मिटलं. शेवटी घाससुद्धा आत जाईना. तेराव्याला जेवून उठलेले लोक म्हणाले, "वय झालं होतं."

तो गठ्ठा आज जाळायला काढलाय. कात्री शेजारीच आहे. मी मघापासून दोऱ्यावर बोट फिरवतेय. गाठ सापडत नाही.