फक्कीनं आखलेली दोन घरं

हिंगणीच्या शाळेचं काळ्या मातीचं पटांगण, हिवाळ्यातलं तिरपं, कोवळं ऊन, आणि त्या उन्हात अनवाणी पावलांनी अंतर मोजत चालणारी एक म्हातारी; तिच्या काखेत घमेलं, घमेल्यात कबड्डीचं मैदान आखायची पांढरी फक्की, आणि ती जाईल तिकडे तिच्यामागे उमटत जाणारी रेघ... मी तेव्हा चौथीत होते. ती म्हातारी आमच्या शेजारची जनाआक्का होती, आणि ती चित्र काढत होती.

चित्र काढायला लावणारी बाई कोरियाहून आली होती. माझे वडील त्या शाळेत मास्तर. इंग्रजी बोलणारे म्हणून तिची उतरायची सोय आमच्याच घरी झाली. तिचं नाव मिनजी. आक्कानं ते ऐकलं आणि समाधानानं मान हलवली. "नावातच जी हाये, मंग आपल्याले वेगळा लावाचं काम नाई." मिनजीच्या बॅगेतून सुक्या मासळीचा आणि कुठल्याशा अनोळखी चहाचा मिश्र गंध यायचा, ती तुरीच्या उकडलेल्या शेंगा सालांसकट चघळायची, आणि मी दिवसभर तिच्या अवतीभवती. ती नेमकं काय करते, असं विचारल्यावर वडील म्हणाले, स्थलांतर हा तिच्या कलेचा विषय आहे. मला हा शब्द फक्त पक्ष्यांपुरता ठाऊक होता – थंडीत बोर धरणाच्या पाण्यावर उतरणाऱ्या बदकांपुरता. माणसंही स्थलांतर करतात, त्याचं चित्र होतं, आणि त्या चित्रातून चक्क चालता येतं... माझ्या कुतूहलाला अंत उरला नव्हता.

जनाआक्काचं गाव आत जंगलात होतं. माझ्या जन्माआधीच अभयारण्यासाठी ते उठलं आणि माणसं हिंगणीच्या कडेला, आमच्या घरालगतच्या नव्या वस्तीत राहायला आली. तिचा धाकटा भाऊ, किसनमामा, आमच्याच गल्लीत राहायचा. पण बहीणभावांत अबोला होता. गाव सोडायच्या कागदावर सगळ्यांत आधी अंगठा लावला तो किसनमामानं, आणि सगळ्यांत शेवटी आक्कानं. कारण एवढंच, आणि ते साऱ्या वस्तीला माहीत होतं.

मिनजीनं वस्तीतल्या माणसांना पटांगणावर बोलावलं. आपलं जुनं घर आठवा आणि इथे खऱ्या मापात आखा, असं वडिलांनी तिचं म्हणणं समजावून सांगितलं. लोक हसले. रिकाम्या जमिनीवर गेलेलं घर कसं आखायचं? पण आक्का उठली. तिनं ओसरी आखली, माजघर आखलं. प्रत्येक कोपऱ्याशी थांबून, डोळे मिटून, जणू वाळत घातलेल्या मोहफुलांच्या वासावरून ती भिंती शोधत होती. मग ती मावळतीकडे वळली आणि गोठ्याची रेघ ओढू लागली.

"गोठा उगवतीले होता."

कुंपणाशी उभा राहून तंबाखूचा खर्रा चघळणारा किसनमामा बोलला होता, कुणाकडेही न पाहता. आक्कानं मागे वळून पाहिलं नाही. स्वतःच आखलेली रेघ तिनं पायानं पुसली. किसनमामानं चपला काढल्या आणि तो आत आला.

त्यानंतर दुपारभर दोघं हळू आवाजात वाद घालत होती – विहीर चिंचेच्या अलीकडे की पलीकडे, कुणाचं दार कुणासमोर – आणि त्या वादातून एकेक करीत जुन्या गावातली अख्खी गल्ली मातीवर उमटली. शेवटी किसनमामानं एक लहानसा चौकोन आखला. मी जवळच उभी होते.

"इथं राजू निजला होता," तो म्हणाला. "तीन दिवस ताप. नाल्याले पूर, दवाखान्यात न्याले रस्ता नाई. दुसरं पोरगं अशा जागी वाढवाचं नाई, म्हून अंगठा लावला."

किसनमामाचा मुलगा राजू गेला तेव्हा आक्का तिथेच होती. त्याला शेवटची आंघोळ तिनंच घातली होती. पण ते मरण आणि तो अंगठा या दोन गोष्टी तिच्या मनात कधी जवळ आल्या नव्हत्या.

"मले काऊन नाई सांगितलं?"

"तू बोलतच नोहोती."

आक्का खाली बसली. त्या चौकोनाची पुसट झालेली एक बाजू तिनं बोटांनी हळूहळू नीट केली, आणि उठताना आधारासाठी भावाकडे हात केला.

दुसऱ्या दिवशी मिनजीनं शेजारी स्वतःचं घर आखायला घेतलं. म्हणजे तिच्या आजीचं. कोरियातल्या लढाईत आजी उत्तरेतलं ते घर सोडून दक्षिणेला आली, मग मधे सरहद्द पडली. मिनजीनं ते घर कधी पाहिलंही नव्हतं. अंगण, खोल्या, आणि बाजूची बरण्या ठेवायची जागा – ऐकीव आठवणींवर ती इथवर पोचली आणि अडली. चूल कुठे, असं आक्कानं विचारलं. मिनजीला माहीत नव्हतं, आणि सांगणारी आजी आता नव्हती.

"उगवतीले ठेव," आक्का तिकडे हात करून म्हणाली. "सकाळचं ऊन चुलीवर आलं पायजे." वडिलांनी इंग्रजीत सांगायच्या आतच मिनजी फक्की घेऊन पूर्वेला गेली होती. न पाहिलेल्या त्या कोरियन घराला अशी हिंगणीची चूल मिळाली... आणि माहेर गमावलेली माणसं एकमेकांना ते असं उसनं देऊ शकतात, हे मला त्या वयात फार नवलाचं वाटलं. आजही वाटतं.

सोमवारी प्रार्थनेच्या रांगांखाली दोन्ही घरं पुसली गेली. आक्काही आता नाही.

मागच्या वर्षी मिनजीनं तिच्या शहरातल्या प्रदर्शनाचा फोटो पाठवला. तिथल्या दालनात तिनं ती दोन्ही घरं पुन्हा खऱ्या मापात आखली होती, आणि त्यांतून परकी माणसं अनवाणी, जपून हिंडत होती. मी नागपूरहून गावी गेले तेव्हा फोन किसनमामाच्या हातात दिला. त्यानं बराच वेळ तो डोळ्यांजवळ धरला. ही माणसं कोण, त्यानं विचारलं. बघायला आलेली, मी म्हटलं.

"उभे काऊन हायेत सारे?" तो म्हणाला. "बसा म्हना त्याईले."