फितीचे दुसरे टोक

चार मार्च १९७४, सकाळी साडेसात. रस्ता रुंदीकरणात पडणाऱ्या जुन्या घरांची मापे मी घेत होते. समोरच्या हॉटेलात बसून रोज एकाच घराची चुन्याच्या नक्षीची कमान पाहणारे वृद्ध गृहस्थ जवळ आले.

"बेटी, फीत धरायला माणूस लागंल ना?"

एकटीने धरलेली फीत झोळ खाते; मी होकार दिला.

त्या कमानीच्या घराचा नवा मालक परक्यांना आत घेत नसे. "हे कोण?"

"माझे मदतनीस."

"एवढे म्हातारे?" तो हसला आणि बाजूला झाला.

चपला काढून ते थेट मागच्या खोलीत गेले आणि फितीचे टोक भिंतीवर तळव्याने दाबून उभे राहिले.

"चाचा, झालं माप. सोडा."

"अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शननंतर, निजामाचं राज्य गेलं तेव्हा, आमचं हे घर सुटलं, बेटी. अम्मीचा पलंग याच भिंतीला होता. जरा पुन्हा मोज की."

मी पुन्हा मोजले आणि तेच लिहिले: सतरा फूट चार इंच.