मादेचं सदा हिरवं खाचर

कोरडं, पीक नसलेलं भाताचं खाचर बघायला मी सहा तासांचं विमान पकडलं असतं का? बालीत हा प्रश्न मला विचारला गेला. मेलबर्नला परतून दोन महिने झाले, मला अजून उत्तर देता येत नाही.

जायचं ठरलं ते युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, पाणीवाटपावर असाइनमेंट लिहिताना. बालीत सुबाक नावाचे शेतकऱ्यांचे गट आहेत. एका पाटाचं पाणी वापरणारे सगळे देवळात जमतात आणि कुणी कधी किती घ्यायचं ते ठरवतात. माझ्या आजीला गावच्या विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. कुणी वरून ओतेल तेवढंच पाणी तिचं. म्हणून मला ते बघायचंच होतं.

आई माणगावकडे दुसऱ्यांच्या शेतात लावणी करायची. त्यावर मी शिकले, घरातली पहिली ग्रॅज्युएट. फोनवर ती म्हणाली, "मी वाकून वाकून तुला चिखलातून बाहेर काढलं, आणि तू पैसे भरून परत चिखलात चाललीस? शहाणी!"

इस्टरच्या सुट्टीत मी आणि मेलबर्नच्या ट्रुगानिना उपनगरातली माझी रूममेट नेहा निघालो. व्हिसा आधीच ऑनलाइन काढा, विमानतळावरची रांग वाचते. विमान उतरतं त्या देनपसारहून भातशेतीच्या तबानान भागाकडे टॅक्सीने दोन तास. शेवटचा रस्ता अरुंद आणि वळणांचा, उलटीची गोळी घेऊनच बसा. मुक्काम मादे नावाच्या शेतकऱ्याकडे. जेवायला लाल भात, टेंपे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या तळलेल्या वड्या, आणि शेवग्याच्या पाल्याची पातळ आमटी. आमटी थेट आईच्या हातची.

दुसऱ्या दिवशी मादेने आम्हाला गुडघाभर चिखलात उतरवलं. आजूबाजूची शेतं पोटरीला आली होती, फक्त त्याच्याच एका खाचरात लावणी चालू होती. मला ते खटकायला हवं होतं. भातशेतीतल्या बाईची मुलगी मी! पण मी रोपांची मूठ धरून नेहाकडून व्हिडिओ काढून घेत होते. तो लगेच सोशल मीडियावर टाकलाही. संध्याकाळपर्यंत युनीतल्या सात मैत्रिणींनी माझ्यामार्फत सप्टेंबरसाठी मादेकडे बुकिंग केलं. उत्साहात मीही त्यांच्यासोबत परत यायचं ठरवलं.

तिसऱ्या दिवशी पाटाच्या कडेने एकटीच खाली गेले. तिथे इबू राई भेटल्या. इबू म्हणजे आपल्याकडे मावशी म्हणतो तसं. पूर्वी हॉटेलात काम केल्यामुळे इंग्रजी बोलायच्या. त्यांच्या शेताच्या मधोमध भात बुंध्यापासून कातरलेला होता.

"उंदीर," त्या म्हणाल्या. "वरची लावणीवाली तू ना?"

"हो."

"वर तुम्ही रोज लावता. इथे उंदीर रोज जेवतात."

मग त्यांनी नीट समजावलं. सुबाकमध्ये सगळे एकाच वेळी लावतात, एकाच वेळी कापतात, आणि मग सगळी शेतं एकदमच कोरडी सोडतात. उंदरांना खायला काही उरत नाही, ते मरतात. पण मादे पाहुण्यांसाठी एक खाचर बाराही महिने हिरवं ठेवतो. उंदीर तिथे जगतात आणि पुढच्या पिकाला खाली उतरतात. "मागच्या वेळी निम्मा भात गेला. या वेळी घरी खाण्यापुरता तरी उरेल का, माहीत नाही."

मी मादेला विचारलं. तो रागावला नाही. "देवळात मला बोलतात सगळे. पण पाहुणे बारा महिने येतात. तू कोरडं शेत बघायला आली असतीस?"

नेहा हळूच म्हणाली, "खरं सांग गं, आलो असतो आपण?"



सप्टेंबरमध्ये तिथली सगळी शेतं कोरडी सोडलेली असणार आहेत. परत आल्यावर मी मादेला लिहिलं, आम्ही लावणी करणार नाही, तेही खाचर कोरडं सोड. तो म्हणाला, त्याच आठवड्यात दुसरे पाहुणे आहेत, त्यांना लावणीच हवी आहे. मैत्रिणींना सगळं सांगितलं. एक म्हणाली, "मग तिथे जाऊन बघायचं काय?" दुसरी म्हणाली, "आपण नाही गेलो तर त्या मावशींचा भात वाचणार आहे का?" वाचणार नाही, कदाचित. आणि मादेच्या घरी त्या आठवड्यात पैसे कमी येतील, हे मात्र नक्की.

तरी काल तो लावणीचा व्हिडिओ डिलीट केला. मादेला कारण कळवलं, मैत्रिणींनाही सांगितलं, आणि सातही जणींचं बुकिंग रद्द केलं. माझंही.