पडद्यावरचं रिकामं अंगण

गाडी मागे घेताना मी मागच्या कॅमेऱ्याचं चित्र दाखवणाऱ्या समोरच्या पडद्याकडेच बघत असे. त्या सकाळी पडद्यावर मागचं अंगण मोकळं दिसत होतं, म्हणून मी गाडी मागे घेऊ लागले. तेवढ्यात डिकीवर जोरात थाप पडली. ब्रेक दाबून वळून पाहिलं, तर माझे वडील, अण्णा, गाडीला हात टेकून उभे होते. फाटक उघडायला आले होते. पडद्यावर मात्र अंगण अजून रिकामंच होतं. चित्र मघाशीच कधीतरी अडकलं होतं.

अण्णा हसले. मी गाडी तशीच सर्व्हिस सेंटरला नेली.

तिथल्या बाईंनी सांगितलं, "वॉरंटीत हाच पडदा दुरुस्त होईल, फुकट. पैसे भरून मोठा घेतलात, तर चारही बाजू दिसतील."

"आणि तोही अडकला, तर मला कसं कळेल?"

त्या म्हणाल्या, "मान वळवून बघायचं, ताई. मी तेच करते."

मी वॉरंटीतली दुरुस्तीच घेतली. पडदा आता नीट चालतो. पण दिसतंय ते आत्ताचंच आहे, याची खात्री कोण देणार? परगावच्या लेकीचं परवाचं 'सगळं ठीक', अण्णांच्या हृदयाचा मागच्या महिन्यातला रिपोर्ट. अशा शिळ्या चित्रांवर भरवसा ठेवून मी किती निर्धास्त वावरत होते!

हल्ली मी गाडी काढताना अण्णा बाजूला उभे राहून मोठ्यानं म्हणत राहतात, "येऊ दे... येऊ दे..." त्या आवाजाच्या आधारानं मी हळूहळू मागे येते. मध्येच ते श्वास घ्यायला थांबतात, आणि माझा पाय ब्रेकवर गच्च दाबला जातो.