पांढरी पडलीय

काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे गाव वसतं ती जागा, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण पांढरीचा आणखी एक अर्थ आहे. जुनं गाव उठून गेलं की त्याच्या भिंती ढासळतात, माती, राख, शेण, फुटकी खापरं सगळं एक होऊन टेकाड उरतं. ती माती पिकाला चांगली मानवते, म्हणून लोक गाड्या भरून ती रानात टाकतात. अशा रानाबद्दल आम्ही म्हणतो, "हितं पांढरी पडलीय." म्हणजे खत पडलंय. बाकी काही नाही.

आमचे सर पुण्यात इतिहास शिकवायचे. मी कॉलेजात जाण्याच्या आधीच ते एकदा भीमेकाठच्या आमच्या गावी येऊन गेले होते. आमच्याच रानात त्यांना खापरांचे तुकडे दिसले, जुने, चकचकीत काळे आणि तांबडे. बांधावरून जाणाऱ्या कुणाला तरी त्यांनी विचारलं, आणि त्यानं सरळ मनानं सांगितलं, पांढरी पडलीय. सरांनी ऐकलं की इथं गाव होतं आणि ते पडलं, ओस पडलं. तसा लेख त्यांनी छापला. प्राचीन वस्ती, तिची लोकांनी जपलेली आठवण, काय नि काय. त्या लेखावर सरांचं नाव झालं.

त्याला विरोध करणारे एक विद्वान शिरूरला राहत. प्राध्यापकी संपवून तिथं स्थायिक झालेले, भाषा गोड आणि लेखणी विंचवाची. त्यांनी लिहिलं की वस्ती-बिस्ती काही नाही, ती खापरं भीमेच्या पुरानं आणून टाकली. मग सरांचं उत्तर, त्यावर त्यांचं प्रत्युत्तर. आणि साठ सालानंतर मी एम. ए.च्या प्रबंधासाठी सरांकडे गेले, तेव्हा त्यांनी हाच वाद माझ्या पदरात टाकला. दोन्ही बाजूंचे पुरावे तोलायचे. "तू तिथलीच आहेस, तुला बरं पडेल," म्हणाले. बरं पडतंय! सरांचा लेख वाचताना त्या दोन शब्दांवर आले, तेव्हा आधी हसू आलं, मग लेख मिटून ठेवला.

कारण ती पांढरी आमच्या वडिलांनी टाकली होती. मी पहिली-दुसरीत असेन. नदीकडच्या टेकाडावरून त्यांच्या गाड्या चाललेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. आता हे बोलायचं तर मार्गदर्शकालाच खोटं पाडायचं, आणि न बोलायचं तर प्रबंध लिहायचा कशाला? वडिलांनी मला पुण्याला ठेवलं होतं ते भावकीची बोलणी खाऊन. नापास झाले तर पुढच्या लगीनसराईत बोहल्यावर उभं राहायचं, हे घरात ठरलेलं होतं. स्थळ माहीत होतं. मला तो माणूस नको होता आणि मला शिकायचं होतं, एवढं सरळ होतं ते.

आधी एस.टी.नं शिरूरला गेले. म्हटलं, दुसरी बाजू त्यांच्या तोंडून ऐकावी. त्यांनी स्वतः चहा केला आणि घोडनदीच्या पात्रातली खापरं माझ्यापुढे मांडली. पाण्यातून आलेलं खापर गोटीसारखं गुळगुळीत होतं, कडा राहत नाहीत, हे त्यांनी इतकं नीट समजावलं की आमचे सरही त्यांच्यापुढे फिके वाटले. परत येताना मला आनंद झाला होता. आमच्या रानातली खापरं धारदार होती, म्हणजे पुराचा मुद्दा निकालात. खोलीवर येऊन आमच्या रानात वेचलेल्या खापरांची पिशवी उपडी केली, तर धारदार होती तशी झिजलेलीही निघाली. झिजलेली बाजूला काढली, तर त्यांचाही ढीग झाला. नांगराखाली, बैलांच्या पायांखालीही खापर झिजतं हे खरं, पण ते मला सोयीचं होतं म्हणून खरं वाटत होतं का? 

शेवटी सरांना सांगून टाकलं. पांढरी पडलीय म्हणजे काय, हे एकदा, मग पुन्हा. त्यांचा चेहरा उतरला. मग चिडले, मग खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मला वाटलं, आटोपलं आपलं. पण वळून म्हणाले, "बापाची आठवण म्हणजे पुरावा नव्हे. माझ्याविरुद्ध लिहायचं तर रानातून आण काहीतरी."

रानातून काय आणायचं, ते मला दौंडला उतरून गाडीवाटेनं जाताना सुचलं. पूर बांध बघत नाही. मोडकं गावही बांध बघत नाही. बांध बघतो तो फक्त खत टाकणारा माणूस! खापरं बांधापाशी थांबली असतील तर ती गाडीनंच आली. आणि पलीकडचं रान थोरल्या चुलत्यांचं. वाटण्या झाल्यापासून दोघा भावांचं तोंड बघणं बंद. वडिलांनी पांढरी टाकली तेव्हा त्यांच्या रानात ढेकूळसुद्धा पडू दिलं नसणार. भाऊबंदकीचा असा उपयोग होईल असं कुणाला वाटलं असेल? वडिलांना विचारलं, तर ते ऐटीत म्हणाले की बांधापातुर टाकली, एक वीत सोडली न्हाई.

चुलत्यांचं रान कोरडं निघालं. एक तुकडा नाही, सगळं साफ. मला नाचावंसं वाटलं. मग आमच्या बाजूनं खापरं मोजत बांधाकडे आले आणि तिथं ती संपली. पण बांधाच्या अलीकडेच. बांधाला लागून आमच्या रानात एक लांबलचक पट्टा होता, पेरताना पाभरीच्या दोन-तीन फेऱ्या बसतील एवढा रुंद, आणि त्यात काही नव्हतं.

मी वेड्यासारखी त्या पट्ट्यात उकरत राहिले. एक तरी सापडू दे, म्हणत. दुपार झाली, तहान लागली, आणि उकरता उकरताच मला कळलं. वडिलांनी खरंच बांधापर्यंत टाकली होती. तेव्हा बांध अलीकडे होता.

चुलते आयुष्यभर तेच ओरडत होते. धाकट्यानं नांगरटीत दरसाल थोडा थोडा बांध कोरला, माझं रान खाल्लं. आणि वडिलांनी चावडीवर मूठभर माती हातात घेऊन, बांध हलवला नाही म्हणून काळ्या आईची शपथ घेतली होती. त्या शपथेवर विश्वास ठेवून मी माझ्या चुलतबहिणींशी बोलत नव्हते. शाळेत एका बाकावर बसून बोलत नव्हते.

घरी येऊन मी, कुठं किती खापरं पडलीत त्याचा काढलेला नकाशा आप्पांसमोर ठेवला. वडिलांना आम्ही आप्पा म्हणायचो. त्यांना अक्षर वाचता येत नव्हतं, पण रान वाचता येत होतं. रिकाम्या पट्ट्यावर त्यांचं बोट गेलं आणि तिथंच राहिलं.

"मास्तराची चूक धुंडाय गेलीस," ते म्हणाले, "आन् बापाची घावली व्हय?"

मला रडू आलं, रागही आला. कशाला घेतली होती शपथ? ते विचारायची हिंमत झाली नाही. एवढंच म्हटलं की हा पट्टा नकाशात दाखवला नाही तर नकाशा खोटा होतो. त्यांनी तंबाखू मळून तोंडात टाकली. मग म्हणाले, न्हाई इचारलं तर गप ऱ्हा. इचारलं तर सांग.

नकाशात पट्टा तसाच ठेवला, त्याबद्दल एक ओळही लिहिली नाही. धाकधूक एकच होती, कुणी विचारू नये. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक म्हणून आले शिरूरचेच विद्वान. आमचे सर शेजारी बसलेले. वीस पानं त्यांनी उलटली, कुठं थांबले नाहीत. मी श्वास सोडणार तेवढ्यात नकाशा उघडला.

"मुली, तुझं म्हणणं, खत बांधापर्यंत पडलं. मग बांधालगतचा हा पट्टा कोरा का?"

हा प्रश्न योग्य होता. मी त्यांच्या जागी असते तर हाच विचारला असता. याचं उत्तर नसेल तर माझा सगळा डोलारा खाली, आणि पुराला पुन्हा वाट मोकळी. मी सरांकडे पाहिलं. त्यांनाही ठाऊक नव्हतं, तेही माझ्याकडेच बघत होते. 

"तो पट्टा आमचा नाही," मी म्हटलं. "चुलत्यांचा आहे. खत टाकल्यावर माझ्या वडिलांनी बांध सरकवला."

शिरूरच्या विद्वानांनी चष्मा काढला, नकाशा हळूच मिटला आणि दुसरा प्रश्न विचारला नाही. माझ्या सरांनी कपाळ चोळलं. मी पास झाले. आपला पुराचा मुद्दा आपण मागे घेत आहोत, हे शिरूरच्या विद्वानांनी नंतर लिहिलंही. सरांनी आपल्या लेखाबद्दल तसं कधी लिहिलं नाही.

दौंडला आप्पा गाडी जुंपून उभे होते. पास का नापास ते त्यांनी विचारलं नाही.

"इचारलं?"

"विचारलं."

"मंग?"

"सांगितलं, आप्पा."

त्यांनी बैल हाणले. पुण्यात परीक्षकांना कळलं म्हणजे गावाला कळायला कितीसा वेळ? खोटी शपथ घेतलेल्या माणसाला गावात कोण विचारतं, हे मी लहानपणापासून पाहत होते. गावात शिरल्यावर गाडी आमच्या आळीकडे वळायची, ती वळली नाही. थोरल्या चुलत्यांच्या अंगणापाशी थांबली. वाटण्यांनंतर आप्पांनी त्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं. मी उतरायला गेले तर हातानंच बस म्हणाले. पायताण काढून दाराशी उभे राहिले. चुलती उंबऱ्यात आली आणि पदर सावरत जागच्या जागी थिजली.

"वहिनी," आप्पा म्हणाले, "दादाला बाहेर बोलवा. बांधाचं बोलायचं हाय."