भालेराव वकिलांच्या म्हशी

प्रिय सई आणि ईशान,

गेल्या रविवारी फोनवर सईने विचारलं, "आजी, कायदा शिकून लोकांची कामं करायची म्हटलं तर पोट भरतं का? आई म्हणते, नाही भरत. तू केली आहेस ना वकिली, खरं काय ते सांग." मी नुसतं "सांगते" म्हणाले. खरं सांगायचं तर या प्रश्नाचं उत्तर ज्यांच्याकडे होतं ते आता नाहीत. त्यांच्या हाताखाली काम केलेले आम्ही तिघंचौघं उरलो आहोत, आणि पुढच्या महिन्यात माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे. तेव्हा आत्ताच लिहून ठेवते. मराठी हळूहळू वाचलीत तरी चालेल.

लातूरच्या किशनराव भालेराव वकिलांनी लिहिलेल्या प्रत्येक अर्जाच्या कच्च्या मसुद्यात एक धडधडीत खोटं वाक्य असायचं. मुद्दाम घातलेलं. एखाद्या भूमिहीन मजुराच्या अर्जात "अर्जदाराचा दोन मजली बंगला आहे," एखाद्या विधवेच्या अर्जात "अर्जदाराचे यजमान पोलिसात आहेत." मी त्यांच्याकडे गेले त्या पहिल्याच आठवड्यात माझ्या हातात मसुदा आला, त्यात होतं, "अर्जदाराकडे चार दुभत्या म्हशी आहेत." अर्जदार बाई तर समोर बसलेली, लुगड्याला ठिगळं. चूक दुरुस्त करावी म्हणून मी पेन काढलं.

"राहू द्या ताई," ते म्हणाले, "त्या म्हशी माझ्या हायेत."

आधी मी तिथं कशी पोहोचले ते सांगते. माझं शिक्षण हैदराबादला कॉन्व्हेंटमध्ये, नंतर कायद्याची पदवी नांदेडला. तुमचे आजोबा पाटबंधारे खात्यात होते. विष्णुपुरीच्या धरणावरून त्यांची बदली लातूरला झाली. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. नवी कचेरी, नवं जिल्हा न्यायालय, आणि गल्लोगल्ली वकिलांच्या ताज्या रंगवलेल्या पाट्या. त्यात पावसाने पाठ फिरवलेली. शहरात टँकरमागे भांडणं होत होती, खेड्यांत त्याहून वाईट. अशा गावात मला कुणी ज्युनिअर म्हणून घेईना. "बाईमाणूस, ते बी इंग्रजी बोलणारी," असं एका ज्येष्ठांनी तोंडावरच सांगितलं. भालेराव वकिलांनी माझा अर्ज वाचला आणि म्हणाले, "ताई, तुमचं इंग्रजी लई गोड हाय. कोर्टाला शुगर व्हईल. पण या उद्यापासून."

ते मूळचे देगलूरकडचे, बौद्ध कुटुंबातले. त्यांचे वडील दुसऱ्यांच्या शेतात राबले. भालेराव मराठीत चिडायचे, तेलुगूत हिशेब करायचे आणि उर्दूत शेर ऐकवायचे, तेही निम्मे विसरलेले. उरलेला निम्मा शेर त्यांचे मुन्शी करीममामू पूर्ण करत. करीममामू टाइपरायटरपुढे बसत आणि वकिलांना कोणाचीही भीड न ठेवता बोलत. सकाळचे दोन-तीन तास वाटणीचे, भाड्याचे, बांधाचे खटले चालत. भालेराव त्यांना "पोटाचे खटले" म्हणत. दुपारनंतर लोकांची कामं.

सई, तुझ्या प्रश्नावर ते काय म्हणाले असते ते मला ठाऊक आहे, कारण दरवर्षी कॉलेजातली मुलं हाच प्रश्न घेऊन यायची. ते सांगायचे, "माझी वकिली आमच्या बाईंच्या पगारावर उभी हाय. त्या शाळेत मास्तरीण हायेत म्हणून मी इथं दुपारी फुकट बसून राहिलो. हे लपवून जो तुम्हाला 'सेवा करा' म्हणतो, तो लबाड. आधी पोटाचं बघा. सकाळ इका, दुपार ठेवा." एका ज्युनिअरला सहायक सरकारी वकिलाची जागा मिळत होती. तो बिचारा चोरासारखा तोंड पाडून सांगायला आला. भालेराव उठून त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाले, "कामून रडून राहिलास? जा की! सरकारच्या बाकावर बी आपलं एखादं माणूस पायजे. नुसतं तिकडून भांडताना माझ्या डोळ्याला डोळा देत जा."

आता म्हशींकडे येते. त्या बाईचं नाव धुरपदाबाई. निलंगा तालुक्यातलं गाव, नाव लिहीत नाही. दुष्काळात गावात पाणी असलेली सार्वजनिक विहीर एकच राहिली होती. तिच्यावरून वस्तीतल्या बौद्ध घरांची अडचण होती, म्हणून ती आली होती. भालेरावांनी तिचं जेमतेम ऐकलं आणि मसुदा भराभर लिहिला. एवढं झरझर लिहिताना मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही.

मग त्यांच्या नेहमीच्या रिवाजाप्रमाणे वाचन सुरू झालं. पक्षकार खुर्चीत, वकील समोर स्टुलावर, आणि ज्युनिअरने मोठ्याने वाचायचं, तेही पक्षकाराच्या बोलीत. अडचण अशी की गरीब माणूस वकिलाच्या प्रत्येक वाक्याला मान डोलावतो. शिकलेल्या माणसाला "नाही" कसं म्हणायचं? त्यासाठी ते खोटं वाक्य. जोवर पक्षकार तोंडाने "न्हाई" म्हणत नाही, तोवर अंगठा नाही, असा भालेरावांचा नियम होता.

मी वाचत, जमेल तसं तिच्या बोलीत सांगत गेले. धुरपदाबाई मान हलवत गेली. "अर्जदाराकडे चार दुभत्या म्हशी आहेत." मान हललीच, पण मध्येच थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, वकिलांकडे पाहिलं आणि पदर तोंडावर धरून हसू लागली.

"म्हशी? आवं साहेब, घरात शेळी बी न्हाई!"

"मग खोटं हाय म्हणता?"

"खोटं न्हाई तर काय! चार म्हशी असत्या तर मी तुमच्याकडं कशाला आले असते? तुमालाच दूध घातलं असतं!"

करीममामू टाइपरायटरवर डोकं ठेवून हसले. भालेराव खूश झाले. "वा! आता पुढं वाचा."

धुरपदाबाईची भीड मोडली होती. मी पुढचं वाचलं, "गावकऱ्यांनी अर्जदारांना विहिरीचे पाणी देण्यास नकार दिला आहे." ती लगेच म्हणाली, "हे बी खोटं हाय."

खोलीत कुणी हसलं नाही. भालेराव वकिलांचा चेहरा उतरला. "म्हणजे? पाणी देत न्हाईत ना?"

"देतेत की. रोज देतेत."

"मग?"

"गावातल्या बाया वर शेंदतेत अन् आमच्या घागरीत वरून ओततेत. आमी खाली बसायचं. दोरीला हात लावायचा न्हाई. अर्धं घागरीत पडतंय, अर्धं धुळीत. अन् कुणी बाई येईस्तोवर उन्हात बसून राहायचं. तिच्या घरी पाव्हणे आले की आमी तहानलेले."

भालेराव स्टुलावरून उठले. मग त्यांनी मसुदा माझ्या हातातून घेतला आणि टरकन फाडला. म्हणाले, "मी माझ्या गावची विहीर लिहिली, ताई. आमाला थेंब बी देत न्हवते. हिच्या गावची विहीर मी इचारलीच न्हाई."

"फाडा, फाडा," करीममामू म्हणाले, "टाइप तर मलाच करायचंय."

तो फाडलेला अर्ज तसाच गेला असता तर काय झालं असतं, ते सुनावणीच्या दिवशी कळलं. अस्पृश्यता पाळल्याची फौजदारी तक्रार करता आली असती, पण तो खटला चालेपर्यंत लोकांनी प्यायचं काय? म्हणून भालेरावांनी नव्या जिल्हाधिकाऱ्यांकडे दाद मागितली. आणि अर्ज देण्याआधी त्यांनी दुसरं एक काम केलं. वस्तीतल्या प्रत्येक काम करणाऱ्या माणसाचं नाव जवळच्या पाझर तलावाच्या कामावर, रोजगार हमीत, घालून घेतलं. मला त्यासाठी तहसील कचेरीत खेपा घालायला लावल्या. मी कुरकुरले, हे काही वकिलाचं काम नाही. ते म्हणाले, "ऑर्डर मिळवणं सोपं हाय. ऑर्डरच्या दुसऱ्या दिवशी यांना शेतावर कोण बोलावणार? त्याची तजवीज आधी, अर्ज मागून."

सुनावणीत सरपंच हात जोडून उभे राहिले. "साहेब, आम्ही पाणी नाही म्हणतच नाही. रोज देतो. विचारा त्यांनाच." त्यांचे वकील विजयी चेहऱ्याने आमच्याकडे पाहू लागले. भालेराव शांतपणे म्हणाले, "बरोबर हाय. आमच्या अर्जात तेच लिहिलंय. पहिला परिच्छेद बघावा."

जिल्हाधिकारी तरुण होते. त्यांनी वाचलं आणि धुरपदाबाईला विचारलं, "पाणी मिळतं, मग तक्रार कशाची?"

मला वाटलं, आता भालेराव बोलतील. ते मुद्दाम खिडकीबाहेर पाहत राहिले.

धुरपदाबाईने दोन्ही हात पुढे केले. "हे हात हायेत ना साहेब? खडी फोडतेत, तुमच्या तलावाची माती उचलतेत. यांना दोरी धरता येत न्हाई का? विहीर सरकारची हाय. मग माझं पाणी दुसरीच्या हातात कामून?"

वस्तीने स्वतःच्या हाताने पाणी शेंदावं, कुणी अडवू नये, असा आदेश झाला. ठरल्या दिवशी तहसीलदार आणि दोन पोलीस गावात आले. आम्हीही गेलो. पाणी पार तळाला गेलेलं. विहिरीच्या एका बाजूला सगळा गाव, दुसऱ्या बाजूला वस्ती, आणि मधे धुरपदाबाई दोरी घेऊन. भालेराव सर्वांत मागे, करीममामूंच्या शेजारी उभे राहिले. मी पुढे चला म्हटलं तर म्हणाले, "माझं काय काम तिथं?"

घागर खाली गेली, पाण्यावर टेकली, आणि तरंगत राहिली. भरेना. धुरपदाबाईने ओढून पाहिली, रिकामीच वर आली. ओढ्याचं, झऱ्याचं पाणी तिने जन्मभर भरलं होतं, पण इतक्या खोल विहिरीतून शेंदायची वेळ तिच्यावर कुणी येऊच दिली नव्हती. पलीकडून हसू फुटलं. "आता शेंद की, वकील लावून आणलीस ना दोरी!" कुणीतरी टोमणा मारला. तिने घागर पुन्हा सोडली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही घागर तरंगली. मला वाटलं, झालं, एवढं सगळं करून ही इथं हरणार.

तेवढ्यात पलीकडची एक म्हातारी तडतडत पुढे आली. रोज वस्तीच्या घागरीत ओतणाऱ्यांपैकीच ती एक. ती खेकसली, "झटका दे ग, झटका! अशी मढ्यासारखी धरून काय राहिलीस? तिरपी कर अन् सोड!"

धुरपदाबाईने झटका दिला. घागर कलंडली, बुडाली, जड झाली. ती ओढू लागली. वर आलेली घागर तिने कठड्यावर ठेवली आणि आधी स्वतःच प्यायली, ओंजळीने, लुगडं भिजेपर्यंत. मागे वळून पाहिलं तर भालेराव तिथं नव्हते. ते जीपमध्ये जाऊन बसले होते आणि चष्मा पुसत होते. करीममामूंनी विचारलं, "काय वकीलसाब, धूळ गेली का डोळ्यात?" ते म्हणाले, "गप बसा हो."

अपेक्षेप्रमाणे दुसऱ्या दिवसापासून वस्तीला शेतांवर काम बंद झालं. तलावाचं काम होतं म्हणून चुली पेटत राहिल्या. पुढचे कित्येक शनिवार आम्हा ज्युनिअरांपैकी एकाने त्या गावात जाऊन दिवसभर बसायचं, असा भालेरावांचा हुकूम होता. काही करायचं नाही, नुसतं दिसायचं. पाऊस आल्यावर पेरणीला माणसं कमी पडली आणि बोलावणी पुन्हा सुरू झाली.

आजोबांची बदली झाली आणि मी नांदेडला परतले. भालेराव शेवटपर्यंत काम करत राहिले. ते गेल्याचं कळलं तेव्हा मी देगलूरला त्यांच्या मूळ गावी गेले. अंत्ययात्रेत काळे कोट बरेच होते, पण फेटेवाले आणि लुगडी नेसलेल्या बायका त्यांच्याहून जास्त. त्यांच्या बाई मला म्हणाल्या, "जन्मभर माझा पगार खाल्ला, अन् गर्दी बघा कुणाची जमली!" आणि हसता हसता रडल्या.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या एका जुन्या सहकाऱ्याबरोबर मी त्या गावाला जाऊन आले. धुरपदाबाई केव्हाच गेली. घरोघरी नळ आलेत, पण आठवड्यातून एकदाच पाणी सोडतात. बाकीचे दिवस लोक विहिरीवर येतात. विहीर अजून आहे, तिला पाणी आहे, आणि तिथं प्रत्येक बाई आपली घागर आपल्या हाताने शेंदते.

तुमची,
आजी